काचेच्या तारांचा स्पंज : खोल पाण्यातल्या कोळंबीबरोबर आलेला हा जीव ओळखायचा कसा?

खाजणकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतले एक काका केरळच्या बाजूला खोल पाण्यातल्या कोळंबीच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. शिमग्याला आले तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू कॉलेजात शिकवतंस, सांग बघू ह्यां काय ता." फोटो खाली जोडलेत.

लांबी दीड हातभर. पारदर्शक, पांढरट तारा, दोनशेच्या आसपास असाव्यात, सगळ्या एकत्र पीळ घेतलेल्या. सर्वांत जाड तार जेमतेम एक मिलीमीटर. खालच्या टोकाला तारा सुट्या होतात आणि तिथे सुकलेला करडा चिखल आहे. मधल्या भागावर तपकिरी, चिवट साल, तिच्यावर वाटाण्याहून लहान फुगवटे, प्रत्येकाच्या माथ्यावर मधोमध येणाऱ्या चिरा. आणि सगळ्यात वर राखाडी, ठिसूळ, जाळीदार तुकडा, बराचसा फाटलेला. त्याला बोट लावलं की बारीक काहीतरी रुतून बसतं आणि दिवसभर खुपतं.

स्पंज असावा असा माझा अंदाज. 'व्हीनसची फुलदाणी' म्हणतात त्या युप्लेक्टेलाचे फोटो शोधून पाहिले, पण ते जुळत नाहीत. जातीपर्यंत नाव मिळेल का? इथे सागरी जीव बघणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

शंखशिंपी
आधी एक खात्री करून घ्या. समुद्रात नायलॉनचे दोर, केबलमधले काचेचे तंतू असं काय काय पडलेलं असतं. एक तुटकी तार चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. नायलॉन वितळून त्याचा गोळा होईल. तुकडा फार छोटा घ्या, आणि राखाडी भागाला आच लागू देऊ नका.

खाजणकाठ
केलं. वितळली नाही. तडतडली, थोडी काळपट झाली आणि तुटली. भिंगाखाली तुटलेल्या टोकाला एकात एक वलयं दिसली, मधोमध अगदी बारीक रेघ. कारखान्यातला तंतू असा नसावा.

कंटिका
खाजणकाठताई, वलयांचं लिहिलंत ते फार बरं झालं. स्पंज आपल्या सिलिकाच्या कंटिका, म्हणजे स्पिक्यूल, अशाच थरांवर थर चढवून वाढवतो. मधली रेघ म्हणजे सेंद्रिय दोरा असलेली पोकळी, तिच्याभोवती हे थर बसत जातात. तुमच्या हातातली प्रत्येक तार ही एकेक कंटिका आहे, दीड हात लांब.

युप्लेक्टेला नाही, हे नक्की. तिच्यात कंटिका एकमेकींना सांधून पूर्ण शरीराचीच जाळीदार नळी होते. तुमच्या नमुन्यात शरीर वर वेगळं आणि त्याखाली पिळलेल्या तारांचा एकच देठ. असा देठ पाहिला की पहिलं नाव येतं हायालोनेमाचं. खोल समुद्राच्या तळावर बहुतेक ठिकाणी मऊ चिखल असतो, चिकटून बसायला दगड सापडत नाही. म्हणून हा स्पंज देठाचं टोक चिखलात रोवतो आणि शरीर वर वाहत्या पाण्यात धरतो. खाली सुकलेला चिखल आहे तो त्यामुळेच, तोही जपून ठेवा.

तपकिरी साल मात्र स्पंजाची नाही. ते फुगवटे झोअँथिड आहेत, समुद्रफुलांचे नातलग. हायालोनेमाच्या देठावर एपिझोअँथस हा झोअँथिड नेहमी वस्ती करतो. या सालीने एकेकाळी मोठमोठ्या अभ्यासकांना चकवलंय. जपानहून हे देठ शोभेची वस्तू म्हणून युरोपात यायचे. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३५ साली हायालोनेमा हे नाव दिलं, पण ते त्याला प्रवाळांचा नातलग समजत होते. तारा सालीतल्या प्राण्यांनी घडवल्या आणि स्पंज परका, असं त्यांचं म्हणणं, आणि ते वर्षानुवर्षं त्याला धरून राहिले. जर्मनीतल्या एरेनबर्ग यांना तर हे माणसाने बनवलेलं वाटलं. १८६० साली माक्स शुल्ट्झे यांनी तारा आणि स्पंज एकाच प्राण्याचे, परकी आहे ती साल, हे बारकाईने दाखवून दिलं.

एवढं सांगायचं कारण असं की तुमच्या नमुन्यात सगळ्यात देखणा आहे तो देठ, आणि ओळखीसाठी त्याचा उपयोग सगळ्यात कमी. नाव लपलंय त्या फाटक्या राखाडी तुकड्यात. तो धुऊ नका, ब्रश लावू नका, कापसात गुंडाळू नका (कापसाचे धागे कंटिकांमध्ये अडकले की निघत नाहीत). बटर पेपरमध्ये ठेवा.

दांडीवाला
ताई, माझो मामा पण तकडल्याच बोटीर असता. तो म्हणता असले काचेचे जुडगे कोळंबीबरोबर मधी मधी येतत. हातमोजे नसले तर काटे हातात मोडतत आणि दोन-दोन दिस सलतत, म्हणान कोण हात लावीत नाय, फावड्यान परत दर्यात लोटतत. वरचो गोळो जाळ्यातच फाटान जाता. खोली इचारलंय तर अडीचशे वाव म्हणाक लागलो. पण बोट तासंतास जाळा ओढीत असता, नक्की खंय मिळाला ता कोण सांगतलो?

खाजणकाठ
आमचे काकाही अडीचशे वावच म्हणतात, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास. तांडेलाला फोन केला होता. त्यांच्या जीपीएसवर जाळं कुठे टाकलं आणि कुठे उचललं या दोन्ही जागा साठवलेल्या असतात, खोली फिशफाइंडरवर दिसते. तारीख काकांना आठवते कारण त्या दिवशी विंच बिघडला होता. माहिती पाठवतो म्हणालेत.

कंटिका
ती माहिती मिळवाच. दोन टोकं आणि त्यांमधली खोली, एवढ्यावर नोंद उभी राहते. "केरळजवळ कुठेतरी" एवढ्यावर नाही.

प्राणिशास्त्र_मास्तर
धागा वाचून फार आनंद झाला. वर्गीकरणाचं दोन शब्दांत सांगतो, नवीन वाचकांसाठी.

स्पंजांचा संघ पोरिफेरा. स्पंजाच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जातं आणि मोठ्या छिद्रातून बाहेर पडतं, हे स्कॉटलंडच्या रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास प्रत्यक्ष पाहून लिहिलं. त्याआधी स्पंज वनस्पती की प्राणी यावरच एकमत नव्हतं. आज या संघात चार वर्ग आहेत. कॅल्केरियाच्या कंटिका चुनखडीच्या, व्हिनेगर टाकलं की फसफसतात. हेक्झॅक्टिनेलिडा म्हणजे काचस्पंज, यांच्या कंटिका सिलिकाच्या आणि त्यांची मूळ घडण तीन काटकोनी अक्षांची, म्हणजे सहा टोकांची. कधी काही टोकं आखडतात, तरी अक्ष शोधता येतात. तिसरा डेमोस्पाँजी, ज्ञात जातींपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त याच वर्गात. आपल्या खडपांवर ओहोटीला दिसणारे नारिंगी, जांभळे थर बहुतेक याच वर्गातले, कालवांच्या शिंपल्यांना भोकं पाडणारा क्लायोनाही यातलाच. चौथा होमोस्क्लेरोमॉर्फा. मी शिकलो तेव्हा तो डेमोस्पाँजीतच मोडायचा, २०१२ मध्ये रीतसर वेगळा वर्ग झाला.

काचस्पंजाबद्दल मला कायम वाटत आलेलं नवल सांगतो. त्याच्या बहुतेक ऊतीत पेशींना वेगवेगळ्या भिंतीच नसतात, सगळं एकसंध जीवद्रव्याचं जाळं. मज्जातंतू नाहीत. तरीही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका काचस्पंजात, रॅब्डोकॅलिप्टस डॉसोनायमध्ये, विजेचा संदेश सगळ्या अंगभर पसरतो आणि पाणी ओढणं थांबतं, हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे गढूळ पाणी आलं की हा प्राणी पंप बंद करतो. पन्नास वर्षं प्राणिशास्त्र वाचतोय, तरी यापुढे हात जोडावेसे वाटतात.

पेशी
एवढा खटाटोप कशाला? एक कण डीएनएसाठी द्या, बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा) काढा, डेटाबेसला लावा, नाव हातात.

कंटिका
'पेशी', तुम्ही म्हणता तो डीएनए हवाच, पण एकट्या त्यावर हे भागणार नाही. नमुना सुकलेला आहे, त्यातला डीएनए तुटका असणार. शिवाय देठावर झोअँथिड आहे, तळाशी चिखल आहे, जाळ्यात शेजारी कोळंबी होती. कण कुठून घेतला यात जरा चूक झाली की आपल्याला झोअँथिडचा बारकोड मिळेल आणि तो स्पंजाच्या नावावर जमा होईल. स्पंजांत असे घोटाळे झालेले आहेत.

दुसरं, डेमोस्पाँजीमध्ये बारकोडसाठी वापरतात तो सीओआय जनुक फार सावकाश बदलतो. शेजारच्या दोन जाती कधीकधी त्यावरून वेगळ्या काढताच येत नाहीत, मग २८एस सारखा दुसरा जनुक सोबत घ्यावा लागतो. काचस्पंजांत १६एस जास्त वापरतात. आणि डेटाबेसमधल्या क्रमावर जे नाव लिहिलेलं असतं ते कोणीतरी कंटिका बघूनच लिहिलेलं असतं. तिथे हायालोनेमाच्या मोजक्याच जाती आहेत. आपली जात त्यात नसेल तर यंत्र जवळची कुठलीतरी दाखवेल, आणि आपण ती खरी धरून बसू. जनुकांनी डेमोस्पाँजीच्या गणांची सगळी मांडणी उलटसुलट केली, २०१५ मध्ये त्यांची बावीस गणांत नव्याने रचना झाली, हे मला मान्य आहे. पण त्या कामातही प्रत्येक क्रमामागे संग्रहात ठेवलेला, कंटिका मोजलेला नमुना आहे म्हणून ते टिकलं.

आता ताई, कंटिका मोकळ्या कशा करायच्या ते. पुस्तकांत तीव्र नायट्रिक आम्ल सांगतात, पण ते फ्यूम हूडशिवाय (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) कोणी करू नये, घरी तर नाहीच. धुण्याचं ब्लीच पुरतं. राखाडी तुकड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा कण नव्या, न वापरलेल्या नळीत घ्या, वरून ब्लीच घाला, रात्रभर ठेवा. मांस विरघळतं, कंटिका तळाशी बसतात. वरचं पाणी ओतू नका, ड्रॉपरने अगदी सावकाश काढा. कारण मोठ्या कंटिका लगेच बसतात, पण सूक्ष्म कंटिका तासंतास तरंगत राहतात, आणि आपल्याला हव्यात नेमक्या त्याच. घाईने पाणी ओतणाऱ्याच्या हाती नुसत्या सुया राहतात. पाण्याने चार-पाच वेळा धुवा, प्रत्येक वेळी बराच वेळ थांबून. शेवटी स्पिरिट घाला, एक थेंब स्लाइडवर, सुकू द्या, वर स्लाइड कायमची चिकटवायला कॅनडा बाल्सम किंवा डीपीएक्स. ड्रॉपर दुसऱ्या नमुन्याला वापरू नका. एका नळीतली कंटिका दुसरीत गेली की नसलेल्या जाती कागदावर जन्माला येतात.

हो, एक कण न विरघळवता तसाच पातळ कापून बघा. कुठली कंटिका बाहेरच्या त्वचेत आहे आणि कुठली आतल्या पोकळीच्या बाजूला, हे फक्त तिथे कळतं.

हर्णैकर
मला एक विचारायचंय. आमच्या हर्णै-दाभोळच्या बाजूला, किंवा आंग्रिया बँकेवर हा मिळेल का? आमच्या बोटी तिकडे जातात.

कंटिका
आंग्रिया बँक म्हणजे समुद्रातला पाण्याखालचा उंचवटा, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, पण तिचा माथा पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरांवरच आहे. तिथे प्रवाळ आहेत, स्पंजही आहेत, पण हायालोनेमा तिथे मिळणार नाही. काचस्पंज उथळात सापडल्याच्या जागा जगात थोड्या आहेत : अंटार्क्टिका, ब्रिटिश कोलंबियाच्या खाड्या, भूमध्य समुद्रातल्या काही गुहा. सगळीकडे पाणी थंड आणि अंधार. आपला किनारा तसा नाही. कोकणासमोरचा खंड-मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, रुंद आहे, आणि हर्णैच्या बोटी ज्या पाण्यात जाळं ओढतात ते बहुतेक त्या मंचावरचंच. मंच संपून उतार सुरू होतो तिथपासून पुढे हा जीव शोधायचा.

त्या उतारावर आणखी एक गोष्ट आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. उत्तरेकडे हा थर जास्त तीव्र, दक्षिणेकडे थोडा सौम्य. या थराच्या आत कुठले स्पंज तग धरतात आणि कुठले त्याच्या कडेला थांबतात, हे जाणून घ्यायचं तर प्रत्येक नमुन्याची खोली हवी. म्हणून काकांचे अडीचशे वाव मला देठाइतकेच मोलाचे वाटतात.

शंखशिंपी
कायद्याचंही लिहून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत चुनखडीचे स्पंज आहेत, आणि प्रवाळांपैकी दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आहेत. फोटोवरून ओळख न पटवता कोणी असल्या वस्तू विकू नयेत, विकतही घेऊ नयेत. जाळ्यात चुकून आलेलं अभ्यासासाठी ठेवायचं तर संस्थेशी आधी बोला.

खाजणकाठ
झालं! काल संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसले. पहिल्या स्लाइडवर निम्मा कचरा : फोरॅमिनिफेरांची (एकपेशी सागरी जीवांची) कवचं, डायॅटम ही सूक्ष्म शैवालं. ते चिखलातले असणार. दुसरी स्लाइड राखाडी तुकड्याच्या आतल्या, स्वच्छ भागातून केली.

दहाच्या भिंगाखाली लांब सरळ सुया, ढिगाने. मग पाच टोकांच्या कंटिका : चार टोकं एका पातळीत आडवी, पाचवं उभं, आणि त्या उभ्या टोकावर दोन्ही बाजूंनी वर वळलेले बारीक काटे. चाळीसच्या भिंगावर गेले आणि स्लाइड कडेकडेने सरकवत होते, तेव्हा ती दिसली. एक दांडी, आणि दोन्ही टोकांना उघडी छत्री. छत्रीच्या काड्या एकमेकींकडे वळलेल्या. फोकस वर-खाली करून मोजल्या, एका बाजूला आठ. दांडीवर मध्ये बारीक गाठी. त्यानंतर अशाच, पण कितीतरी लहान, खूप दिसल्या. मोठ्या मात्र मोजक्याच. फोटो जोडलेत, खाली मोजपट्टी आहे.

मी विद्यार्थ्यांना हे चित्र फळ्यावर काढून दाखवत आलेय. प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिलं. दिवे घालवून प्रयोगशाळा बंद करायला शिपाईमामा आले, त्यांनाही दाखवलं.

कंटिका
ताई, मनापासून अभिनंदन. या दोन छत्र्यांच्या कंटिकेला अँफिडिस्क म्हणतात. ही दिसली की काचस्पंजांच्या दोन उपवर्गांपैकी अँफिडिस्कोफोरा ठरला. दुसरा हेक्झॅस्टेरोफोरा, ज्यात युप्लेक्टेला आहे, त्यात अँफिडिस्क कधीच नसते. तिथे हेक्झॅस्टर असतात, टोकांना पुन्हा फाटे फुटलेल्या कंटिका.

पुढे गण अँफिडिस्कोसिडा, त्यात तीन कुलं. मोनोऱ्हाफिडिडीमध्ये देठ म्हणजे एकच राक्षसी कंटिका. मोनोऱ्हाफिस चुनीची कंटिका तीन मीटरपर्यंत जाते. जर्मनीच्या व्हाल्डिव्हिया मोहिमेत (१८९८–९९) तो मिळाला, आणि कंटिकेच्या थरांच्या रसायनावरून एका नमुन्याचं वय सुमारे अकरा हजार वर्षं काढलंय. फेरोनेमाटिडीमध्ये चिखलात रुतणाऱ्या कंटिका बहुतेक पसरलेल्या झुपक्यांत असतात. शेकडो तारांचा एकच पिळलेला देठ आणि वर वेगळं शरीर, हा हायालोनेमाटिडीचा थाट. म्हणून कुल हायालोनेमाटिडी, प्रजाती (जीनस) हायालोनेमा. इथपर्यंत मी निर्धास्त सही करेन.

जातीचं नाव मात्र मी देणार नाही. हायालोनेमात शंभरावर जाती आहेत, त्या डझनभर उपप्रजातींत वाटलेल्या. ती वाटणी अँफिडिस्कचा आकार, छत्रीची खोली, तिच्या काड्यांची म्हणजे दातांची रुंदी, त्वचेवरच्या पंचशूलांचे (पाच टोकांच्या कंटिकांचे) काटे यांवर चालते. मोठ्या अँफिडिस्क शंभर ते काही शे मायक्रॉनच्या, लहान वीस-तीसच्या, आणि मधल्या मापाची वेगळी तऱ्हा आहे की नाही यावरही बरंच अवलंबून. प्रत्येक प्रकारच्या निदान पंचवीस-तीस कंटिका मोजून किमान, सरासरी, कमाल लिहावं लागतं. तुमच्या स्लाइडवर मोठ्या जेमतेम पाच-सहा आहेत. शरीर फाटलेलं असल्याने बाहेरची बाजू कोणती आणि आतली कोणती हेही कळत नाही. वरून त्याच जाळ्यात दुसरा स्पंज असेल तर त्याच्या सुट्या कंटिका यात मिसळलेल्या असू शकतात. म्हणून लेबलवर "हायालोनेमा एसपी.", म्हणजे प्रजाती ठरली, जात ठरली नाही.

हर्णैकर
म्हणजे नवीनच जात असली तर? नाव आपल्या मालवणचं देता येईल ना?

प्राणिशास्त्र_मास्तर
हर्णैकर, तुमचा उत्साह समजतो, पण आधी जुन्यांशी ताडून बघायला हवं. आणि जुनं काम आपल्याच समुद्रातलं आहे. इन्व्हेस्टिगेटर हे सर्वेक्षण जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. त्यावर निसर्गतज्ज्ञ म्हणून आल्फ्रेड ऑलकॉक होते. बंगालचा उपसागर, अंदमान, अरबी समुद्र इथून या जहाजाने खोल पाण्यातले काचस्पंज आणले आणि ते बर्लिनच्या फ्रान्झ आइलहार्ड शुल्त्झे यांच्याकडे गेले. ब्रिटिशांच्या चॅलेंजर या समुद्र-संशोधन मोहिमेचे काचस्पंज १८८७ मध्ये त्यांनीच वर्णिले होते. इन्व्हेस्टिगेटरच्या काचस्पंजांवरचा त्यांचा ग्रंथ १९०२ मध्ये कलकत्त्याहून निघाला. हायालोनेमा इंडिकम हे नाव त्यांचंच. पुढे डेंडी आणि बर्टन यांनी १९२६ मध्ये त्याच जहाजाच्या उरलेल्या स्पंजांवर लिहिलं. आणि मबाहिस जहाजावरून १९३३–३४ मध्ये अरबी समुद्रात जी जॉन मरे मोहीम झाली, तिच्या स्पंजांवरचं बर्टन यांचं काम थेट १९५९ मध्ये आलं. म्हणजे जाळं वर येण्यात आणि नाव छापून येण्यात पंचवीस वर्षं. स्पंजांचा अभ्यास असाच चालतो, कारण तो करणारे लोक नेहमीच थोडे होते.

मुंबईचा आणखी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक. मुंबई बेटावरच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज त्यांनी अभ्यासले आणि १८४९ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. स्पाँजिला कार्टेरी, ज्याला आता युनापियस कार्टेरी म्हणतात, त्यांच्याच नावाचा. निवृत्तीनंतर इंग्लंडला गेल्यावर याच माणसाने पॉर्क्युपाइन जहाजाने अटलांटिकच्या तळातून आणलेले खोल समुद्री स्पंज वर्णिले. मुंबईच्या तळ्यात डोळा तयार झाला आणि अटलांटिकच्या तळापर्यंत पोहोचला. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं होतं.

कंटिका
मास्तर, फार सुंदर. हर्णैकर, नवीन जातीचं म्हणाल तर तिचा एक आदर्श नमुना, होलोटाइप, संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, आणि जवळच्या जातींच्या होलोटाइपशी तुलना करून वर्णन छापावं लागतं. फाटक्या तुकड्याला होलोटाइप करणं नियमात बसवता येईलही, पण ते पुढच्या अभ्यासकांवर अन्याय करणारं आहे. जुन्या काळी असं एका तुकड्यावर दिलेल्या नावांनी आज किती डोकेदुखी होते ते या कामातल्या कोणालाही विचारा. नाव एकदा दिलं की पुसता येत नाही, मग ते बरोबर असो की चूक.

पण मच्छिमारांचा वाटा यात किती मोठा असू शकतो त्याचं उदाहरण याच प्रजातीत आहे. हायालोनेमा फक्त जपानात मिळतो असं सगळे समजत होते. पोर्तुगालच्या सेतूबल बंदरातले मच्छिमार खोल पाण्यात मुशी (शार्क) धरायचे, त्यांच्या दोऱ्यांना तो लागायचा. बार्बोझा दु बोकाझ यांनी १८६४ मध्ये त्यावरून हायालोनेमा लुसिटॅनिकम वर्णिला. लोकांना पटेना. मग १८६८ मध्ये डब्लिनचे पर्सिव्हल राइट सेतूबलला गेले, तिथल्याच मच्छिमारांच्या उघड्या होडीत बसले, ४८० वावांवर ड्रेज (तळ खरवडणारं जाळं) टाकलं आणि जिवंत हायालोनेमा वर काढला. जागा आणि खोली मच्छिमारांना पाठ होती, म्हणून ते जमलं. तुमच्या मामांना आणि काकांनाही ती पाठ आहे. आजवर कोणी विचारली नाही, एवढंच.

पेशी
पटलं. माझ्या ओळखीत प्राचीन डीएनएवर काम करणारे आहेत, सुक्या नमुन्याचं त्यांना विचारतो. कण मात्र 'कंटिका' यांनी सांगितलेल्या जागेवरूनच घेऊ.

खाजणकाठ
तांडेलांनी जाळ्याच्या दोन्ही जागा पाठवल्या. खोली ४३० ते ४७० मीटर, म्हणजे काकांचे अडीचशे वाव अचूक निघाले. तीन तास जाळं ओढलं होतं. सगळं लेबलवर लिहिलंय, स्लाइड आणि उरलेला नमुना कुठे द्यायचा यासाठी संग्रहालयाला पत्र गेलंय. स्लाइडचा एक संच कॉलेजात राहील.

काका पुन्हा जाणार आहेत. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, त्यानंतर ऑगस्टमध्ये. बोटीवर काय काय ठेवायला देऊ?

कंटिका
जास्त काही नको, त्यांच्या कामात अडथळा व्हायला नको. एक वही : तारीख, जाळं टाकल्याची जागा, उचलल्याची जागा, दोन्ही वेळची खोली. मोबाइलवर एक फोटो, वर येताच, शेजारी माप कळेल अशी वस्तू ठेवून. रंग तेव्हाच दिसतो, नंतर जातो. शरीर शक्यतो अखंड असलेला एखादाच नमुना घ्यावा, सगळे गोळा करू नयेत. हे जीव फार सावकाश वाढतात, आणि जे अजून जिवंत असतील ते लगेच पाण्यात सोडावेत.

दांडीवाला
मामाक सांगलंय, तो पण ठेवतलो. पण बोटीर स्पिरिट खंय मिळतला? मीठ लावन ठेवला तर चलात काय, सुक्या म्हावऱ्यावानी?

कंटिका
मीठ नको दादा, ऊती आकसतात आणि डीएनए हाती लागत नाही. फॉर्मलिनही नको. कोळंबीच्या बर्फातच ठेवा, पण वेगळ्या जाड पिशवीत, तोंड घट्ट बांधून, म्हणजे वितळलेलं गोडं पाणी आत जाणार नाही. पिशवीत चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली, पेनाची शाई ओली झाली की पसरते. बंदरात उतरल्यावर ९५ टक्के इथेनॉलची बाटली तयार ठेवायचं काम ताईंचं आणि माझं. आणि मामांना सांगा, रबरी हातमोजे घालूनच उचला.